अंगावरचं आणि वरचं

आपल्या भाषेत तान्ह्या बाळाचं दूध दोनच प्रकारचं असतं. आईचं ते अंगावरचं. गाईचं, शेळीचं, पिशवीतलं, डब्यातलं, ते सगळं वरचं. बाळंतिणीला भेटायला आलेली बाई पाळण्याची दोरी हातात घेता घेता विचारते, "अंगावर पितंय ना? की वरचं सुरू केलंस?" त्या ‘केलंस’मध्ये सगळा दोष येतो. वरचं सुरू करणारी आईच, हे प्रश्न विचारायच्या आधीच ठरलेलं असतं.

मला हे मान्य नाही. माझ्या बाळंतपणात, आणि पुढे बहिणी, नणंदा, शेजारणी यांच्या बाळंतपणांत मी जे पाहिलं, त्यात वरच्या दुधाचा पहिला चमचा आईच्या मनाने क्वचितच गेला. तो दुसऱ्याच कुणी पाजला, कुणी चिठ्ठीवर लिहून दिला, किंवा कामावर हजर व्हायच्या तारखेने पाजायला लावला. आणि तो कधीही जातो असंही नाही. पहिल्या-दुसऱ्या दिवशी जातो, दीड महिन्याच्या आसपास जातो, आणि बाई कामाला लागते तेव्हा जातो. हे दिवस आपल्याला आधीपासून ठाऊक आहेत. तरी त्या दिवशी तिच्याजवळ जाणतं माणूस असेल, अशी व्यवस्था आपण केलेली नाही. उपदेश मात्र भरपूर आहे, आणि तो सगळा आईलाच आहे.

आधी ‘केवळ स्तनपान’ म्हणजे काय ते नीट सांगते, कारण ‘केवळ’ या शब्दावरच घराघरांत गाडी अडते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, जीवनसत्त्वाचे थेंब, लागलीच तर जलसंजीवनी, एवढाच अपवाद. विदर्भातल्या मे महिन्यातही वेगळं पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात ८८ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पूर्वी चार ते सहा महिने असं मोघम सांगत. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना पूर्ण सहा महिने सांगते आहे.

महाराष्ट्राचे आकडे वरवर पाहता आनंदाचे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत राज्यातली सहा महिन्यांखालची सुमारे ५७ टक्के बाळं केवळ अंगावर होती. २०१९-२१ च्या फेरीत हा आकडा ७१ टक्क्यांच्या घरात गेला. देशात तो ५५ वरून ६४ झाला. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या पायपिटीचं हे फळ आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण हा आकडा मोजतात कसा? काल दिवसा आणि रात्री बाळाला काय काय दिलं, असं आईला विचारतात. त्यात चार दिवसांचं बाळ असतं आणि साडेपाच महिन्यांचंही. म्हणजे शंभरातली ७१ बाळं सहा महिन्यांपर्यंत पोचतात असा याचा अर्थ नाही. बाळाचं वय वाढेल तसा आकडा खाली येत जातो. म्हणून किती बाया पाजतात यापेक्षा, त्यांचं केवळ पाजणं सुटतं कधी आणि कुणामुळे, हे विचारणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

माझं सुटलं ते दुसऱ्याच रात्री. सिझर झालेलं, खासगी दवाखाना. बाळ माझ्या कुशीत आलं ते पाच तासांनी, आणि तोवर त्याला चमच्याने काहीतरी पाजून झालं होतं. काय पाजलं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण टाक्यांच्या वेदनेत विचारायचं सुचलं नाही. दुसऱ्या रात्री बाळ रडायचं थांबेना. "यांना अजून दूधच नाही," असं सिस्टर माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाल्या आणि त्याच्या हातात चिठ्ठी दिली. दहा मिनिटांत खालच्या मेडिकलमधून डबा वर आला. ‘दूधच नाही’ हे दोन शब्द मात्र पुढचे चार महिने माझ्या उशाशी होते.

आज मला ठाऊक आहे की त्या रात्री माझ्याकडे दूध होतं. ते चीक होतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते चमच्या-चमच्यानेच येतं, कारण बाळाचं पोटही एका वेळी चमचा-दीड चमच्याचंच असतं. छाती भरून येते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सिझर झालं असेल तर कधी थोडी आणखी उशिरा. गाय व्याली की आपण शेजाऱ्याकडून चीक मागून आणतो, वेलची-जायफळ घालून खरवस करतो. त्या चिकाचं मोल आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कळतं. आणि बाईचा तोच चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकणारी घरं अजून आहेत, ‘दूध उतरलेलं नाही’ म्हणून तो हिशेबात न धरणारे दवाखानेही आहेत.

देशात दवाखान्यात होणारी बाळंतपणं त्या दोन सर्वेक्षणांदरम्यान ७९ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेली. जन्मानंतर तासाभरात छातीला लावलेल्या बाळांचं प्रमाण मात्र ४१.६ वरून ४१.८ झालं. बाई दवाखान्यापर्यंत पोचली, पण पहिला तास होता तिथेच राहिला. २०१९-२१ च्या फेरीत खासगी दवाखान्यांतली जवळपास निम्मी बाळंतपणं, ४७ टक्के, सिझरने झालेली होती. सिझरनंतर पहिल्या तासात पाजता येत नाही असं नाही. कमरेत इंजेक्शन देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत आई जागी असते. पण ती उताणी असते, एका हाताला सलाइन असतं. बाळाला तिच्या छातीवर धरायला दुसऱ्या कुणाचे तरी दोन हात लागतात. पाळीला एकच सिस्टर आणि तिच्याकडे बारा बाळंतिणी असतील, तर ते हात यायचे कुठून? डबा मात्र लगेच मिळतो.

आणि हे एकदा सुरू झालं की त्याचं चाक फिरत राहतं. दूध तयार होतं ते बाळाच्या ओढण्याने. बाळ जितकं ओढेल तितकं शरीर बनवतं, रात्रीच्या ओढण्याला तर जास्तच. वरच्या दुधाने पोट भरलेलं बाळ झोपतं, ओढत नाही, आणि शरीर समजतं की मागणी नाही. दुसरी गोष्ट पान्ह्याची. पान्हा फुटतो तो विश्वासाने, स्पर्शाने, बाळाच्या वासाने. भीतीने आणि दुखण्याने तो अडतो. आपल्या बायकांना हे पुस्तकाशिवाय कळत आलं आहे. ज्या बाईला चारचौघांत ‘दूध नाही’ म्हणून सांगितलं, तिचा पान्हा त्या वाक्यानेच मागे सरतो.

डब्याविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे, आणि चांगला कडक आहे. १९९२ चा, २००३ मध्ये आणखी घट्ट केलेला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करता येत नाही, मोफत नमुने वाटता येत नाहीत, डॉक्टरांना भेटवस्तू देता येत नाहीत, डब्यावर बाळाचं चित्रही छापता येत नाही. स्तनपानाच्या बाजूने देशभर लढणाऱ्या ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडियाची स्थापना तर आपल्या वर्ध्यात, डिसेंबर १९९१ मध्ये झाली. पण चिठ्ठी म्हणजे जाहिरात नव्हे. रात्री अडीच वाजता रडणाऱ्या बाळासमोर दिलेली चिठ्ठी कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त पटते, आणि ती कायद्याच्या कक्षेत सहज येत नाही. म्हणून माझी मागणी अशी, की प्रत्येक प्रसूतिगृहाने घरी सोडण्याआधी किती निरोगी बाळांना वरचं दिलं, आणि का, याची नोंद ठेवावी आणि ती आरोग्य खात्याला द्यावी. सिझर किती झाली हे आपण मोजतो, मग हेही मोजता येईल.

वरच्या दुधाची खरी गरज असते तेव्हा ते द्यायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. काही बायांना खरंच दूध पुरेसं येत नाही, काहींना आजारपणामुळे किंवा एखाद्या औषधामुळे पाजता येत नाही, काही बाळांना जन्मजात दोषामुळे आईचं दूध चालत नाही. त्यांना कुणी अपराधी वाटायला लावू नये. आणि अशा वेळीही डबा हा एकच मार्ग नसतो. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. एका आईचं जास्तीचं दूध तिथे दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मिळतं. महापालिकेच्या दवाखान्यात, गरीब वस्तीतल्या आयांच्या बळावर हे उभं राहिलं.

आता दीड महिन्याच्या त्या वळणाकडे येते. माझ्या मते सगळ्यात जास्त दूध इथे हरवतं, आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही याच्याबद्दल.

पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना झाला की बाळंतिणीची खोली मोडते. शेक-शेगडी बंद होते, मालिशवाली बाई येईनाशी होते, आणि पुष्कळजणी सासरी परततात. नेमक्या त्याच सुमाराला बाळाचं रडणं शिखरावर पोचतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जाणारं हे रडणं, विशेषतः संध्याकाळचं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि मग आपोआप उतरतं. याच दिवसांत आईची छाती मऊ पडते, कारण शरीराला आता मागणीचा अंदाज आलेला असतो. दूध कमी झालेलं नसतं, फक्त दाटून येणं थांबलेलं असतं. बाळ तासातासाला मागतं, कारण ते वाढीच्या भरात असतं. अंगावर पिणारं बाळ आता दोन-तीन दिवस शीही करत नाही, आणि तेही बहुधा ठीकच असतं. पण घरातल्या माणसांना काय दिसतं? बाळ सारखं रडतंय, सारखं मागतंय, छाती रिकामी लागतेय, पोट साफ होत नाहीये. निष्कर्ष ठरलेला: दूध पुरत नाही.

मग सहाण येते. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, बदाम, खारीक, जायफळ, प्रत्येकाचे दोन-दोन वळसे, आणि बोंडल्यात गुटी. माझ्या आईने माझ्या मुलीसाठी उगाळलेल्या गुटीचा वास मला अजून आठवतो. त्या हातांत माया होती, दुसरं काही नव्हतं. म्हणूनच हे बोलणं अवघड जातं. पण सहाणेवरचं पाणी, उघड्यावरची खारीक, न उकळलेलं बोंडलं हे सहा आठवड्यांच्या आतड्याला झेपेलच असं नाही. मधाचं बोट तर वर्षाच्या आत चाटवूच नये. मधातून येणारा एक जंतू तान्ह्या बाळाला लुळं करून टाकू शकतो. आणि गुटीने पोट थोडं जरी भरलं, तरी तेवढं ओढणं कमी होतं.

पण आजीला दोष देऊन काय मिळणार? तिला कुणी काही सांगितलंच नाही. गरोदरपणाच्या तपासणीत जे समुपदेशन होतं ते एकट्या सुनेचं किंवा लेकीचं. घरी निर्णय घेणारी बाई त्या खोलीत कधी नसतेच. ती ज्या काळात आई झाली, त्या काळात ‘गुटगुटीत बाळ’ स्पर्धा होत होत्या आणि डब्याचं दूध म्हणजे सुधारलेलं घर अशी समजूत होती. तिला बाजूला सारून केवळ स्तनपान होणार नाही, कारण डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिश, रात्री बाळाला ढेकर काढायला घेणं, ही बाळंतिणीला उभं ठेवणारी सगळी कामं तिच्याच हातची आहेत. तपासणीला तिला बोलवा. बाळ दिवसातून सहा-सात वेळा शू करतंय आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय, ही खूण तिला सांगा. तिला हे पटलं की घरातल्या कुणाचीही डबा आणायची हिंमत होत नाही, हे मी माझ्या नणंदेच्या वेळी पाहिलं आहे. आणि बाळाच्या बापालाही त्या खोलीत बसवा. चिठ्ठी शेवटी त्याच्याच हातात पडते.

आता सरकारी वेळापत्रक पाहू. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. या गृहभेटींचं मूळ आपल्या गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या कामात आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतरची, लहान बाळांच्या वेगळ्या कार्यक्रमातली, तिसऱ्या महिन्यात. म्हणजे रडणं शिखरावर असताना, छाती मऊ पडलेली असताना, बाई सासरी नव्याने बसत असताना आशाताईंची ये-जा थांबते, आणि ती पुन्हा येते तेव्हा पुष्कळ घरांत बाटली आलेली असते. शहरातल्या सोसायटीत राहणाऱ्या बाईकडे तर आशाताई पहिल्या दिवसापासूनच येत नाही. शिकलेली, कमावती, इंटरनेट वापरणारी बाई आपलं आपण निभावेल असं आपण गृहीत धरतो. बाळाला धरायचं कसं, हे मात्र पदवीत शिकवत नाहीत. स्तनाग्राला चिरा पडून रक्त येत असताना मी डोळे मिटून पाजत होते, तेव्हा मला माहिती होती, पण दाखवणारं कुणी नव्हतं. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही हवा, एवढं एका अनुभवी परिचारिकेने हात धरून दाखवलं आणि दोन दिवसांत दुखणं थांबलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने पाजण्याच्या पद्धतीवर मराठीतही व्हिडिओ केले आहेत, ते उपयोगी आहेत. पण बाळंतिणीला पडद्याबरोबर माणूसही लागतं.

राहिलं काम. कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बरोबर सहा महिने. पण त्यातले आठ आठवड्यांपर्यंतचे दिवस बाळंतपणाआधी घेता येतात, आणि नववा महिना कुणालाच सोपा जात नाही. पूर्ण आठ आठवडे आधी घेतले तर हातात अठरा उरतात. म्हणजे चार महिने आणि थोडे दिवस. पन्नास कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायची सुट्टी, असंही कायद्यात आहे. ज्या कचेरीत बाईला दूध काढायला स्वच्छतागृहाशिवाय जागा नाही, तिथे या सुट्टीचं ती काय करणार? हाताने काढलेलं दूध झाकून ठेवलं तर घरातल्या हवेत साधारण चार तास टिकतं, फ्रीजमध्ये त्याहून कितीतरी जास्त, आणि ते वाटी-चमच्याने कुणीही पाजू शकतं. त्यासाठी लागते ती कडी असलेली एक खोली.

आणि ही सगळी चर्चा नोकरीवाल्या बायांची. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं काय? बीडच्या गावातून दिवाळीच्या आसपास उचल घेऊन निघालेला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. खाडा झाला की पैसे कापले जातात. फडाच्या कडेला झोळीत ठेवलेल्या तान्ह्याला तीन-तीन तासांनी पाजायचं, तर मोळ्या कोण बांधणार? तिला पंतप्रधान मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात. सहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला २८ रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात कुठलीच मजूर बाई घरी बसू शकत नाही. हीच गत घरकाम करणाऱ्या आणि बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईची.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूतिलाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने आणि काही अंशी मालकानेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. देशातला तसा पहिला. ज्या राज्यात हा विचार जवळपास शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला, तिथे ऊसतोड बाईच्या सहा महिन्यांच्या मजुरीचा काही भाग साखर कारखाने आणि सरकार यांनी मिळून का भरू नये? टनामागे कारखान्याकडून पैसे घेऊन कामगारांसाठी निधी उभारण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. त्यातला वाटा बाळंतिणीच्या नावाने वेगळा काढा, आणि हंगामाच्या आधीच द्या.

तोवर एक काम उद्याही सुरू करता येईल, आणि त्याला नवा पैसा फारसा लागत नाही. बाळाला लस टोचायला दीड महिन्याने, अडीच महिन्यांनी आणि साडेतीन महिन्यांनी आणतात. बाईजवळ कुणी नसतं त्याच दिवसांत ती बाळ घेऊन स्वतःहून अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे येते. आज तिथे काय होतं? वजन, इंजेक्शन, तापाचं औषध, पुढची तारीख, आणि "चला, पुढचं बाळ." त्याच दिवशी एका कोपऱ्यात पडदा लावा, पाठीला टेका देणारी एक खुर्ची ठेवा, आणि टोचून झाल्यावर रडणाऱ्या बाळाला तिथेच पाजू द्या. टोचल्यानंतर छातीला लावलेलं बाळ लवकर शांत होतं, हे तर परिचारिकांना ठाऊकच आहे. शिकलेली एक परिचारिका दहा मिनिटं शेजारी बसू दे. तिने बाळाची पकड बघावी, वजनाची रेघ आईला आणि सोबत आलेल्या आजीला दाखवावी, कामावर कधी जाणार ते विचारावं, आणि दूध हाताने काढायचं कसं ते दाखवून ठेवावं.

माझ्या मुलीच्या अडीच महिन्यांच्या लशीच्या दिवशी मी बाकावर दीड तास बसले होते. बाळ रडलं तेव्हा शेजारच्या बाईने आपुलकीने विचारलं, "बाटली आणली नाही का?"